घरगाडी विकणे आहे

१

रत्नाबाईंनी गाडीचं मागचं दार ओढलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"भाऊ, उठले का जी?" असं त्यांनी बाहेरून दोनदा विचारून पाहिलं होतं. डिसेंबरातली सकाळ, सात वाजून गेलेले. सानगडीच्या तलावावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. गाडीच्या पायरीशी पाण्याची भरलेली बादली ठेवलेली होती. आतून उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी दार ओढलं, आणि बंद खोलीतली ओली, कोंडलेली हवा त्यांच्या तोंडावर आली.

बिछाना नीट आवरलेला होता. रात्री उशीवर घडी करून ठेवलेला टॉवेल तिथे नव्हता. गाडीच्या टोकाला असलेल्या चिमुकल्या न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले होते.

कप कुठे पडला ते रत्नाबाईंना नंतर कधीच आठवलं नाही.

मेलेल्या माणसाचं नाव गोपीचंद टेंभरे. राहणार बपेरा, तिकडे मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. एकतीस वर्षं एसटी चालवून मागच्याच वर्षी निवृत्त झालेला. रत्नाबाईंचे यजमान टिकाराम कापगते यांची घरगाडी विकत घ्यायला तो आदल्या दिवशी दुपारी आला होता, आणि पक्कं करण्याआधी एक रात्र गाडीत झोपून पाहतो म्हणाला होता. पाहुण्याच्या या मागणीवर टिकाराम खूश झाले होते. गाडीची अशी कदर करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

घरगाडी हे नाव गावानं ठेवलेलं. मूळची ती सतरा सीटची प्रवासी गाडी. धानाचा व्यापार मुलाच्या हाती दिल्यावर टिकारामांनी सीटा काढून त्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणी बसवली होती. न्हाणीत गॅसचा गिझर होता. नवराबायको त्या गाडीतून रामेश्वरापर्यंत जाऊन आले होते. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून गाडी विकायची.

साकोलीहून फौजदार मेंढे आले. त्यांनी न्हाणी पाहिली, गिझर पाहिला, रिकामी झालेली पाण्याची टाकी पाहिली.

"काका, या गिझरचा धूर बाहेर जातो कुठून?"

"छतावर नळी हाये ना साहेब." टिकारामांनी काठीनं वर दाखवलं. "वीतभर उंच नळी, वरतून टोपी. सोताच्या हातानं बसवली मी. पाच वर्षं आमी दोघंबी याच पान्यानं आंघोळ केली."

मेंढ्यांनी शिपायाला शिडीवर चढवलं. शिपाई वर गेला, इकडेतिकडे पाहत राहिला.

"साहेब," तो वरून म्हणाला, "इथं नळी-बिळी काहीच नाही. सपाट पत्रा हाये."

२

पाचव्या दिवशी मेंढ्यांच्या बोलावण्यावरून भंडाऱ्याहून अपेक्षा शहारे आल्या. अपघातग्रस्त गाड्या तपासून अहवाल देणं हा त्यांचा व्यवसाय. बारा वर्षांत त्यांनी चेपलेल्या, जळलेल्या, नदीतून काढलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. या गाडीवर मात्र एक ओरखडासुद्धा नव्हता, आणि आत एक माणूस मेला होता. ते पाहून त्या पहिली पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

गावात तोवर ठरून गेलं होतं की म्हातारा खोटं बोलतोय. नळी नव्हतीच कधी. मेंढ्यांनाही तसंच वाटत होतं आणि टिकारामांवर गुन्हा दाखल व्हायचा फक्त बाकी होता.

गाडी अंगणात धानाच्या तणसाच्या, म्हणजे मळणीनंतरच्या पेंढ्याच्या, ढिगाला लागून उभी होती. अपेक्षा शिडीवरून छतावर चढल्या. तणसाच्या काड्या त्यांनी हातानं बाजूला केल्या आणि न्हाणीच्या वरच्या जागी बोट फिरवलं. पांढरा रंग गुळगुळीत होता, पण पोळीएवढ्या एका तुकड्यावर तो जास्तच पांढरा होता. त्यांनी किल्लीच्या टोकानं कड खरवडली. रंगाखालून चिकटवणारा रबरी थर निघाला, त्याखाली पत्र्याचा गोल तुकडा, आणि त्याखाली कापलेल्या नळीची कड.

त्या खाली उतरल्या आणि सरळ टिकारामांसमोर जाऊन बसल्या.

"काका, तुम्ही खरं बोलत होता. नळी होती. कोणीतरी कापून वरून झाकली. आतून पाहणाऱ्याला ती छतात शिरलेलीच दिसते, अन् खालून छत दिसत नाही."

टिकारामांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. सुटकेचा श्वास असावा असं अपेक्षांना वाटलं, पण ते रडत होते.

"मीच त्यायले गिझर लावून दाखवला, मॅडम. दुपारी, सारी दारं उघडी टाकून. म्हनलो, सकाळी याच पान्यानं न्हा. सोताले वाचवाले नाही सांगून राहिलो, पन माह्या गुडघ्यानं मले दोन महिन्यांपासून शिडी चढू देली नाही."

"गाडी या दोन महिन्यांत कुठे गेली होती?"

"पोरगा कमलेस साकोलीले घेऊन गेल्ता, सर्व्हिसिंगले. पंधरा-सोळा दिवस झाले असन. तीन दिवस तिथंच होती."

टिकाराम नीटनेटके गृहस्थ होते. गाडीच्या खणात एक वही होती आणि तिच्यात प्रत्येक प्रवासाचे किलोमीटर लिहिलेले. अपेक्षांनी शेवटची नोंद पाहिली, मग काचेखालचा आकडा पाहिला. फरक एकशे अठराचा होता.

सानगडीहून साकोली जाऊन येऊन तीस किलोमीटरसुद्धा भरत नाही.

३

कमलेश बत्तीस वर्षांचा, अंगानं भरलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे पाहणारा. आकडा ऐकल्यावर त्यानं वाद घातला नाही.

"शहापूरले नेली होती. भुपेंद्र गौतमकडे. जुन्या गाड्याचा डीलर हाये हायवेवर. बाबाले सांगतलं नाही."

"काहून?"

"बाबा डीलरचं नाव काढू देत नाही, मॅडम. मी म्हनलो होतो, सोता विकाची म्हनजे अनोळखी लोकं घरात येते, गाडी घेऊन चक्कर मारते, कागद नावावर करत नाही, उद्या काही झालं त पोलिस आपल्याकडे. डीलरले देली की त्याचं तो पाहते. दोन पैसे कमी येते, पन डोकं शांत राहते. तर बाबा चार लोकायसमोर म्हनाले, तुले गाडी विकता येत नाही म्हनून तू दुसऱ्याले विकाले लावून राहिला."

"मग परत का आणली?"

"बाबानं सोताच मोबाईलवर जाहिरात टाकली. बपेऱ्याहून फोन आला. मंग गाडी घरी पायजे ना."

"शहापूरला गाडीचं काय काम केलं?"

"धुतली. पॉलिस केलं. मले तेवढंच माहीत हाये."

अपेक्षा घरात गेल्या. कमलेशची बायको रीना चुलीपुढे बसली होती, दोन वर्षांचं पोर मांडीवर झोपलेलं. त्या सकाळी सगळ्यांत आधी उठलेली तीच होती.

"साडेपाचले मी गरम पान्याची बादली नेऊन ठेवली गाडीजवळ," ती म्हणाली. "चुलीवरचं पानी. घरच्यायनं रातीच सांगून ठेवलं होतं, पाहुन्याले बादली नेऊन दे म्हनून."

"हाक मारली?"

"नाही जी. आत पानी वाहून राहिलं होतं. म्हनलं, उठले दिसते, न्हात असन. बादली ठेवली अन् आली." तिनं पदर तोंडात धरला. "थे तवा जितेच होते का, ताई?"

अपेक्षांच्या डोळ्यांसमोर ती न्हाणी आली. न्हाणी केवढी, तर उभं राहून हात पसरता येत नाहीत एवढी. नळी बंद, खिडक्या थंडीमुळे बंद. पाणी वाहत होतं म्हणजे गिझर पेटलेला होता. बाहेर तीन हातांवर ही मुलगी बादली घेऊन उभी होती.

"मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

निघताना त्यांनी डायरीत एवढंच लिहिलं: बादली, साडेपाच, सासूनं सांगितली. आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "शहापूर."

४

भुपेंद्रच्या आवारात चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या, सगळ्या ओल्यागच्च चमकणाऱ्या. तो स्वतःही तसाच चकचकीत. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बातमी वाचली तेव्हापासून आपल्याला झोप नाही असं सांगितलं.

"पण माझा संबंध नाही मॅडम. मी गाडी धुतली, पॉलिश केली, तीन दिवसांनी त्यांनी परत नेली. विषय संपला. आमच्याकडे पद्धत आहे, गाडी आली की फोटो, गेली की फोटो. म्हणूनच लोक डीलरकडे येतात. घरी विकणाऱ्याकडं काय असते? नुसतं तोंडाचं बोलणं."

"छताचा फोटो आहे?"

"आहे की. वरच्या जिन्यावरून काढतो." त्यानं मोबाईल पुढे केला. "हा पहा. गाडी परत दिली त्या दिवशीचा."

फोटोत घरगाडीचं छत स्पष्ट दिसत होतं. आणि न्हाणीच्या वर, वीतभर उंच, टोपी घातलेली नळी उभी होती.

अपेक्षांनी कप खाली ठेवला. नळी शहापूरहून शाबूत निघाली असेल तर ती सानगडीतच कापली गेली. त्या घरातल्याच कोणीतरी. आणि शिडी चढू शकणारा पुरुष त्या घरात एकच होता.

"फोटो मला पाठवा," त्या म्हणाल्या.

भुपेंद्रनं तत्परतेनं पाठवला. तो हसतही होता. त्या गाडीत येऊन बसल्या, मेंढ्यांचा नंबर काढला, आणि लावायच्या आधी सवयीनं फोटो एकदा मोठा करून पाहिला. मग पुन्हा एकदा.

त्यांनी फोन खिशात टाकला आणि परत त्या ऑफिसाच्या पायऱ्या चढल्या.

५

"गाडी किती वेळा धुतली म्हणालात?"

"दोनदा. मशीननं."

"अन् पॉलिश?"

"छतासकट. आमचं काम अर्धवट नसते."

"मग धुऊन, पॉलिश करून निघालेल्या गाडीच्या छतावर हे काय आहे?" त्यांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. नळीच्या बुडाशी पिवळ्या काड्या चिकटलेल्या होत्या. "धानाचं तणस आहे हे. सानगडीत गाडी तणसाच्या ढिगाजवळ उभी असते. हा फोटो गाडी आली त्या दिवशीचा आहे. गेली त्या दिवशीचा दाखवा."

भुपेंद्रचं हसू विरलं. बाहेर कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती, आणि तो तिकडेच पाहत राहिला.

"मी मारलं नाही कोणाला," शेवटी तो म्हणाला. आता त्याची बोली बदलली. "नळीच्या बाजूनं पानी गळत होतं. अन् छतावर तसलं काही पाहिलं की गिऱ्हाईक मागं फिरते, गाडी कंपनीतून निघाल्यासारखी पायजे. म्हनून पोरायनं कापून पत्रा लावला. बातमी वाचली अन् हातपाय गळाले माहे. म्हनून जुना फोटो दाखवला."

"गिझर आत ठेवलात अन् नळी कापलीत? समजत नव्हतं?"

"समजत होतं! म्हनूनच सांगतलं मी!" तो जवळजवळ ओरडला. "त्याच दिवशी सांगतलं! हे पहा."

त्यानं मोबाईलवर संदेश उघडला. खोटा नव्हता, तारीख होती, वेळ होती. 'वरची नळी काढली आहे. गिझर लावू नका. गॅस आतच राहील. नवीन नळी बसवायची असेल तर सांगा.'

त्याखाली उत्तरादाखल उभा अंगठा होता. पाठवणारा कमलेश कापगते.

अपेक्षांनी तो संदेश तीनदा वाचला. अकरा दिवस. गोपीचंद मरायच्या अकरा दिवस आधी कमलेशला हे कळवलेलं होतं.

६

दहाव्या दिवशी कापगतेंच्या ओसरीवर सगळे जमले. गोपीचंदची बायको आनंदाबाई जबाब द्यायला साकोलीला आली होती. नवरा जिथे गेला ती जागा पाहायची आहे, असं ती म्हणाली, म्हणून मेंढे तिला सानगडीला घेऊन आले. ती भिंतीला टेकून बसली. कोणी पाणी दिलं तर घ्यायची आणि खाली ठेवायची.

अपेक्षांनी आधी टिकारामांना डीलरची गोष्ट सांगितली. मग संदेशाची. म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं. ते पाहणं कोणालाही बघवलं नाही.

"मी वाचलंच नाही," कमलेश म्हणाला. "गिरणीवर होतो, धानाच्या गाड्या येऊन राहिल्या होत्या. न पाहता अंगठा देला. देवाशपथ."

मेंढ्यांनी अपेक्षांकडे पाहिलं. असं होऊ शकतं. दिवसातून शंभर संदेशांना माणूस अंगठा दाखवतो. कोर्टातही ते टिकलं असतं.

"रत्नाकाकू," अपेक्षा म्हणाल्या, "पाहुण्यासाठी चुलीवरच्या पाण्याची बादली न्यायला तुम्ही सुनेला सांगितलं होतं ना?"

"मी?" रत्नाबाई गोंधळल्या. "मी कायले सांगन? गाडीत गिझर होता, हे गिझरचं कौतुक सांगून थकत नव्हते. बादली पाहून मलेच नवल वाटलं होतं."

अपेक्षा रीनाकडे वळल्या. "तू म्हणालीस, घरच्यायनं सांगितलं. मी समजले, सासूनं. चूक माझी. कोणी सांगितलं होतं?"

रीनानं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. तिनं नुसतं डोळे वर करून कमलेशकडे पाहिलं आणि लगेच फिरवले.

"गरम पाण्याची सोय असलेल्या गाडीत झोपलेल्या माणसाला पहाटे गरम पाण्याची बादली कोण पाठवेल?" अपेक्षा हळू बोलत होत्या, पण ओसरीवर दुसरा आवाज नव्हता. "ज्याला आतलं पाणी तापू नये असं वाटतं, तोच. अन् ते का तापू नये, हे या घरात एकाच माणसाला माहीत होतं. कमलेश, तुम्ही संदेश वाचला होता."

तो बसल्या जागी पुढे वाकला.

"नवी नळी बसवनार होतो मी," तो म्हणाला. "बाबाले समजाच्या आधी. पाहुना दोन दिवसांनी येनार होता, थो आदीच आला. रातच्याले जेवताना म्हनाला, सकाळी तुमच्या गिझरनं न्हातो. माह्या ओठावर आलं होतं. पन सांगतलं असतं त डीलरची गोष्ट निघाली असती. पाहुन्यासमोर बाबा मले..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "म्हनलं, बादली दिसली की थो आतलं पानी कायले तापवन. सकाळी काही बहाणा करून गिझर काढून घेईन. थो इतक्या लवकर उठन, असं मले..."

"पहिल्या गाडीचे डायवर होते थे," आनंदाबाई पहिल्यांदाच बोलली. "एकतीस वर्षं पाचले उठले."

टिकाराम काठी टेकत उठले. त्यांनी मुलाला मारलं नाही, शिवीही दिली नाही. मेंढ्यांजवळ गेले.

"लिहा साहेब. माह्या पोराचं नाव लिहा. डीलरचंबी लिहा. अन् असंबी लिहा, का याले बापाले सांगाचं भेव वाटत होतं."

"असं कलम नसतं, काका," मेंढे म्हणाले.

जीप अंगणात लागली. शिपायानं कमलेशच्या दंडाला हात लावला तेव्हा आनंदाबाई भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली.

"थांबा जी." ती कमलेशच्या समोर आली. त्याच्यापेक्षा ती हातभर बुटकी होती. "तू त्यायच्या बाजूलेच बसला होता ना जेवाले?"

त्यानं मान हलवली.

"मंग म्हन. त्या दिशी जे म्हनाचं होतं, थे मले म्हनून दाखव."

"काकू..."

"म्हन."

रत्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. कमलेशचे ओठ दोनदा हलले आणि आवाज तिसऱ्यांदा निघाला.

"काका, गिझर लावू नका. वरची नळी कापली हाये."

कोंबड्यांचा आवाज येत होता, जीपचं इंजिन चालू होतं. आनंदाबाई अजून काहीतरी यायचं आहे अशी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं.